भिजलेला फोन: आधी बंद, मग बाकी सगळे

२२ जुलै २०२३ चा शनिवार यवतमाळ जिल्हा सहजासहजी विसरणार नाही. आदल्या रात्रीपासून कोसळणाऱ्या पावसाने नदी-नाले पात्र सोडून वस्त्यांत शिरले. महागाव तालुक्यातील आनंदनगर तांड्याला पुराने वेढले आणि तिथे अडकलेल्यांच्या सुटकेसाठी हवाई दलाची हेलिकॉप्टर मागवावी लागली. यवतमाळ शहरात वाघाडी नदीकाठच्या घरांत पाणी शिरले. असा पूर ओसरला की माणसे धान्य, अंथरूण-पांघरूण, पोरांची दप्तरे वाळत घालतात. त्या पसाऱ्यात आता हमखास आणखी एक वस्तू असते, ती म्हणजे भिजलेला मोबाइल.

यवतमाळला लागून असलेल्या लोहाऱ्यात तर त्यासाठी पूर यायचीही गरज नाही. एमआयडीसीतील पाळी सुटल्यावर दुचाकीने घरी निघालेल्या कामगाराला वाटेत सरीने गाठावे, विहिरीवर मोटर सुरू करायला वाकलेल्या शेतकऱ्याच्या शर्टाच्या खिशातून फोन निसटावा, धुण्याच्या बादलीत पँटसोबत तिच्या खिशातला फोनही तासभर भिजत पडावा, एवढे पुरते. मग घरात एकच धावपळ उडते. कोणी फोन झटकतो, कोणी चार्जिंगच्या भोकात फुंकर मारतो, कोणी तांदळाचा डबा उघडतो. आणि दहा मिनिटांनी कोणीतरी म्हणतो, ‘चार्जिंगला लावून तर पाहू, घेतो का!’

नेमके हेच वाक्य बहुतेक फोनचा घात करते. पाण्यात पडलेला फोन वाचतो की जातो, हे पाणी किती होते यापेक्षा त्या पाण्याबरोबर फोनमध्ये वीज किती वेळ खेळली यावर जास्त अवलंबून असते. ही एक गोष्ट नीट समजली, तर फोन आणि त्यातला डेटा वाचण्याची शक्यता बरीच वाढते.

प्रश्न केवळ दहा-पंधरा हजारांच्या वस्तूचा नाही. बँकेचा ओटीपी त्याच नंबरवर येतो. ई-पीक पाहणी फोनवरून होते. २०२३ च्या खरिपात पीक विम्यासाठी शेतात पाणी साचल्याची सूचना ७२ तासांच्या आत द्यायची होती आणि बहुतेकांच्या हातात त्यासाठी फोनच होता. पूर आला त्याच दिवशी फोन बंद पडला, तर नुकसानीचे फोटोही त्यातच अडकतात. याशिवाय लेकीच्या लग्नाचे फोटो, गेलेल्या आईचा व्हॉइस मेसेज, उधारीच्या हिशेबाचे फोटो. फोन नवा घेता येतो, या गोष्टी दुकानात मिळत नाहीत.

पहिली दहा मिनिटे

फोन पाण्यातून काढला की सर्वांत आधी तो बंद करा. काचेवर पाण्याचे थेंब असतील तर टच नीट चालत नाही, म्हणून आधी कोरड्या सुती कापडाने काच पुसा. चालू आहे की नाही, आवाज येतो का, कॅमेरा उघडतो का, हे तपासत बसू नका. फोन आधीच बंद पडला असेल तर त्याला तसाच राहू द्या.

चार्जरला लागलेला फोन भिजला असेल, तर ओल्या हाताने त्याला स्पर्श करू नका. आधी भिंतीवरचा बोर्ड कोरडा आहे याची खात्री करा, स्विच बंद करा, मग वायर काढा. बोर्ड ओला असेल किंवा घरात पाणी असेल, तर मेन स्विच बंद केल्याशिवाय हात घालू नका. फोनपेक्षा जीव मोठा आहे.

त्यानंतर कव्हर काढा. सिमचा ट्रे बाहेर ओढा. सिम आणि मेमरी कार्ड पुसून वेगळे ठेवा. बटणांचा साधा फोन असेल, तर मागचे झाकण उघडून बॅटरी लगेच काढा. या बाबतीत जुना साधा फोन महागड्या स्मार्टफोनपेक्षा नशीबवान आहे, कारण बॅटरी निघाली की वीज संपली आणि निम्मा धोका टळला. स्मार्टफोनची बॅटरी आत चिकटवलेली असते, ती घरी उचकटायला जाऊ नका.

फोन बाहेरून पुसून चार्जिंगचे तोंड खाली येईल असा उभा धरा आणि तळहातावर हलकेच थोपटा. जोरात झटकल्यास बाहेर निघण्याऐवजी पाणी आणखी आत जाऊ शकते. तोंडाने फुंकर मारल्यास श्वासातली वाफ आत जाते. हेअर ड्रायरची गरम हवा पाणी आत ढकलते, शिवाय डिस्प्लेचा गोंद सैल करते. पत्र्यावर कडक उन्हात किंवा चुलीशेजारी ठेवलेल्या फोनची बॅटरी तापते. अनेक फोन ३५ अंश तापमानापर्यंतच वापरायचे म्हणून बनवलेले असतात, तापलेला पत्रा त्याच्या कितीतरी पुढे जातो. फोन सावलीत, पंख्याच्या वाऱ्यावर उभा ठेवणे एवढेच घरी करण्यासारखे आहे.

आत नेमके काय होते?

शाळेत मोरचुदाच्या द्रावणात दोन पट्ट्या बुडवून त्यांना सेल जोडण्याचा प्रयोग अनेकांनी केला असेल. एका पट्टीवरचे तांबे विरघळते आणि दुसऱ्या पट्टीवर जाऊन बसते. यालाच विद्युत विलेपन म्हणतात. ओल्या फोनमध्ये हाच प्रयोग सुरू होतो, फक्त कोणाला नको असताना.

अतिशुद्ध पाणी विजेचे फारसे वहन करत नाही. वहन करतात ते पाण्यात विरघळलेले क्षार. समुद्राचे पाणी अतिशुद्ध पाण्यापेक्षा सुमारे दहा लाख पट चांगले वाहक असते. नळाचे, विहिरीचे आणि बोअरचे पाणी या दोन टोकांच्या मध्ये कुठेतरी येते. बोअरचे पाणी रोज उकळणाऱ्या भांड्याच्या तळाला जो पांढरा थर धरतो, तो याच क्षारांचा. घामात मीठ असते. पुराच्या पाण्यात माती, खत, गटाराचे पाणी, सगळेच असते.

आता वीज पाहू. फोनच्या लिथियम-आयन बॅटरीचा दाब ३.७ व्होल्टच्या आसपास असतो आणि पूर्ण चार्ज झाल्यावर तो ४ व्होल्टच्या वर जातो. पाण्याचे हायड्रोजन आणि ऑक्सिजनमध्ये विघटन सुरू होण्यासाठी १.२३ व्होल्ट लागतात. म्हणजे फोनमध्ये लागते त्याच्या तिप्पट ताकद कायम हजर असते. फोनच्या मदरबोर्डवरचे सुटे भाग इतके बारीक असतात की काहींची लांबी अर्ध्या मिलिमीटरच्या आसपास भरते. दोन टोकांमधले अंतर त्याहूनही कमी. तेवढ्या फटीत क्षाराच्या पाण्याचा थेंब बसला आणि दोन्ही बाजूंना वीज असली, की एका टोकाचा धातू विरघळून दुसऱ्या टोकावर जमू लागतो. झाडाच्या फांद्यांसारखे धातूचे बारीक तंतू वाढत जातात आणि ते समोरच्या टोकाला टेकले की शॉर्ट होतो. यासाठी दिवस लागत नाहीत. अनुकूल परिस्थितीत हे काही मिनिटांतही घडते.

वीज नसेल तर हीच क्रिया फार मंद चालते. म्हणून फोन बंद करण्याला एवढे महत्त्व आहे. अर्थात एक अडचण उरतेच. स्मार्टफोन बंद केला तरी त्याची बॅटरी मदरबोर्डला जोडलेलीच असते. चालू-बंदचे बटण दाबले की फोनला कळावे, घड्याळ चालत राहावे, यासाठी काही मार्गांवर वीज कायम असते. त्या ठिकाणी पाणी पोहोचले असेल, तर बंद फोनही आतून गंजत राहतो. त्यामुळे पूर्ण बुडालेला फोन शक्यतो त्याच दिवशी उघडून त्याची बॅटरी सुटी करणे हा खरा उपाय ठरतो.

तांदळाचा डबा बाजूला ठेवा

भिजलेला फोन तांदळात पुरून ठेवायचा, हा सल्ला गावागावांत पोहोचला आहे. त्यामागचा विचार असा की कोरडा तांदूळ फोनमधले पाणी शोषून घेईल. पण साठवणीच्या तांदळात मुळातच १२ ते १४ टक्के ओलावा असतो. पावसाळ्यात विदर्भातली हवाही दमट असते आणि डब्यातला तांदूळ त्या हवेशी आधीच जुळवून घेऊन बसलेला असतो. चिपखाली अडकलेला थेंब दूरवरून ओढून घेण्याची शक्ती त्याच्यात नाही. उलट तांदळाची भुकटी आणि बारीक कण्या चार्जिंगच्या भोकात जातात. अ‍ॅपल कंपनीने जानेवारी २०२४ मध्ये आपल्या ग्राहकांना दिलेल्या सूचनेत ओला आयफोन तांदळात ठेवू नका, कणांमुळे नुकसान होऊ शकते, असे स्पष्ट सांगितले आहे.

मग तांदळात ठेवलेले काही फोन सुरू कसे होतात? कारण ते दिवसभर बंद होते. फायदा झाला तो विश्रांतीचा, श्रेय मिळाले तांदळाला. नवीन बूट किंवा औषधांच्या डब्यात येणाऱ्या सिलिका जेलच्या पुड्या तांदळापेक्षा जास्त ओलावा शोषतात. पण त्या फक्त ओलावा कमी करतात. पाणी सुकल्यावर मागे उरलेल्या क्षारांचे त्या काहीच करू शकत नाहीत, आणि खरी डोकेदुखी तीच आहे. सुकलेला क्षार पावसाळी हवेतला ओलावा धरतो आणि पुन्हा ओलसर होतो. म्हणूनच ‘पाण्यात पडला होता, पण सुकवल्यावर चांगला चालत होता’ असा फोन महिन्या-दोन महिन्यांनी अचानक बंद पडतो. आधी चार्जिंग हळू होते, मग आवाज जातो, मग एक दिवस काहीच होत नाही.

समुद्राच्या तळाकडून धडा

विमान समुद्रात कोसळले की त्याचा ब्लॅक बॉक्स, म्हणजे उड्डाणाची नोंद ठेवणारे यंत्र, शोधले जाते. १ जून २००९ रोजी एअर फ्रान्सचे ४४७ क्रमांकाचे विमान अटलांटिक महासागरात पडले. त्याची नोंदयंत्रे मे २०११ मध्ये सुमारे ३,९०० मीटर खोलीवरून वर काढण्यात आली. जवळपास दोन वर्षे खाऱ्या पाण्यात राहूनही त्यांच्या मेमरी चिपमधली माहिती वाचता आली. त्याआधी १९८६ मध्ये चॅलेंजर अवकाशयानाच्या दुर्घटनेनंतर समुद्रात सुमारे सहा आठवडे राहिलेल्या चुंबकीय फितीवरील आवाजही तज्ज्ञांनी मिळवला होता.

अशी यंत्रे पाण्याबाहेर काढल्यावर तज्ज्ञ ती उन्हात वाळवत नाहीत. ती गोड्या पाण्यात बुडवूनच प्रयोगशाळेपर्यंत नेण्याची पद्धत आहे. खारे पाणी लागलेल्या धातूला हवा मिळाली की गंज झपाट्याने वाढतो आणि क्षार जागच्या जागी सुकून घट्ट बसतात. म्हणून आधी क्षार धुवायचे, मग शिस्तीत सुकवायचे, आणि त्यानंतरच वीज द्यायची, असा क्रम असतो.

घरातला फोन मात्र असा पाण्यात बुडवून ठेवायचा नाही, कारण त्यात जिवंत बॅटरी आहे. पण क्रमाचा धडा तोच आहे: वीज तोडा, धुवा, सुकवा, तपासा आणि सगळ्यात शेवटी चालू करा. घरोघरी नेमका उलटा क्रम चालतो. आधी चालू करून पाहिले जाते.

या उदाहरणांतून आणखी एक गोष्ट कळते. मेमरी चिप पाण्याने सहजासहजी मरत नाही. ती काळ्या कठीण आवरणात बंदिस्त असते. मरतात ते तिच्याभोवतीचे वीज पुरवणारे भाग. म्हणून ‘फोन गेला’ म्हणजे ‘डेटा गेला’ असे लगेच समजू नये.

दुकानात काय व्हायला हवे?

चांगला कारागीर पाण्यातला सेट आला की चार्जर लावत नाही. तो फोन उघडतो आणि सर्वांत आधी बॅटरीचा कनेक्टर काढतो. मदरबोर्ड बाहेर काढून त्यावरची पत्र्याची झाकणे उचलतो, कारण पाणी त्यांच्याखालीच लपते. भिंगातून पाहिले की हिरवट-पांढरे डाग दिसतात, तोच गंज. मग आयसोप्रोपिल अल्कोहोल आणि मऊ ब्रश वापरून बोर्ड साफ केला जातो. हे अल्कोहोल पाण्यात मिसळते, चिपखालच्या बारीक फटीत शिरते, तिथले पाणी सोबत घेऊन बाहेर येते आणि लवकर उडून जाते. क्षार जास्त असतील तर आधी डिस्टिल्ड पाण्याने धुतात. सोय असेल तिथे अल्ट्रासॉनिक क्लीनर वापरतात. त्यातल्या द्रवात ध्वनिलहरींमुळे बारीक बुडबुडे तयार होऊन फुटतात आणि हात न पोहोचणाऱ्या जागेतली घाण निघते.

इथे घरगुती प्रयोग करणाऱ्यांसाठी दोन इशारे. हात धुण्याचे सॅनिटायझर म्हणजे हे अल्कोहोल नव्हे, त्यात पाणी आणि ग्लिसरीन असते. पेट्रोल, रॉकेल किंवा रंगाचा थिनर तर अजिबात नको. थिनर प्लास्टिक खातो आणि पेट्रोलच्या वाफेला बॅटरीची एक ठिणगी पुरते. आयसोप्रोपिल अल्कोहोलही ज्वलनशील आहे, त्यामुळे बॅटरी सुटी केल्याशिवाय तेही वापरायचे नसते.

बोर्ड सुकल्यावर मल्टिमीटरने शॉर्ट शोधला जातो. अनेकदा एखादा बारीक कपॅसिटर शॉर्ट झालेला असतो आणि त्यामुळे सगळा फोन मेल्यासारखा वाटतो. तेवढा भाग काढला किंवा बदलला की बोर्डात जीव येतो. मग जुन्या बॅटरीऐवजी डीसी पॉवर सप्लायवर फोन चालू करून तो किती करंट ओढतो हे पाहिले जाते. म्हणून फोन दुकानात देताना सरळ विचारा: उघडून साफ करणार का, की नुसताच हॉट एअरने गरम करणार? किती वेळापूर्वी भिजला, कशात भिजला, त्यानंतर चार्जिंग लावले होते का, हेही खरे सांगा. डॉक्टरपासून लपवलेला आजार आणि कारागिरापासून लपवलेले चार्जिंग, दोन्हींमुळे उपचार चुकतो.

फोन हवा की डेटा?

हा प्रश्न दुकानात शिरण्याआधीच ठरवा, कारण दोन्हींचे उपचार वेगळे आहेत. फोन पुन्हा रोज वापरायचा असेल तर डिस्प्ले, बॅटरी, चार्जिंगची पिन, स्पीकर असे बरेच बदलावे लागते आणि खर्च नव्या फोनच्या जवळ जाऊ शकतो. फक्त फोटो आणि नंबर हवे असतील तर फोन अर्धा तास जिवंत झाला तरी पुरे. तेव्हा कारागिराला स्पष्ट सांगा, ‘दुरुस्ती नको, डेटा काढून द्या.’ फोन सुरू झालाच, तर आनंदाने फोन लावत बसू नका. पहिल्या मिनिटापासून कॉपी सुरू करा. असा फोन पुन्हा कधी बंद पडेल याचा भरवसा नसतो.

जुन्या काळी फोन मेला तरी मेमरी चिप सोडवून दुसऱ्या यंत्रात वाचता येत असे. आता ते बहुतेक बंद झाले आहे. २०१९ मध्ये आलेल्या अँड्रॉइड १० पासून नव्या फोनमधली माहिती सांकेतिक रूपात कुलूपबंद ठेवणे सक्तीचे झाले. आयफोनमध्ये ही सोय त्याआधीपासून आहे. या कुलपाची किल्ली त्याच फोनच्या प्रोसेसरशी आणि मालकाच्या पिन किंवा पॅटर्नशी बांधलेली असते. चिप एकटी काढली तर हातात येतो तो अर्थहीन आकड्यांचा ढीग. चोराच्या हाती फोन लागला तर हे कुलूप आपल्या कामाचे, पण पुरात फोन बुडाला की तेच आपल्या आड येते. म्हणून डेटा हवा असेल तर मूळ मदरबोर्ड जिवंत करणे, किंवा प्रोसेसर आणि मेमरी दोन्ही जोडीने दुसऱ्या बोर्डावर बसवणे, एवढेच मार्ग उरतात. दुसरा मार्ग मोठ्या शहरांतल्या मोजक्या तज्ज्ञांकडेच मिळतो. मदरबोर्ड बदलून फोन सुरू करून देतो असे कोणी म्हटले, तर लक्षात ठेवा, फोन येईल पण जुना डेटा येणार नाही. जुना बोर्ड परत मागून घ्या.

मेमरी कार्ड मात्र बहुधा सुखरूप असते. ते प्लास्टिकमध्ये पूर्ण बंद असते आणि काढल्यावर त्याला वीजही नसते. स्वच्छ पाण्याने हलके धुवून, पुसून, एक दिवस सुकवून कार्ड रीडरमध्ये लावा. सिमही तसेच. पुसलेले सिम दुसऱ्या फोनमध्ये टाकले की नंबर लगेच सुरू होतो आणि ओटीपीचा खोळंबा टळतो. बँकेतले किंवा यूपीआयचे पैसे फोनमध्ये नसतात, ते खात्यातच असतात, त्यामुळे घाबरू नये. फोन दुकानात सोडताना पॅटर्न सांगावा लागत असेल, तर डेटाची कॉपी शक्यतो समोर बसून करून घ्या.

‘वॉटरप्रूफ’ म्हणजे काय?

काही फोनच्या खोक्यावर आयपी ६८ असे लिहिलेले असते. यातला ६ हा आकडा धुळीबद्दल आणि ८ हा पाण्याबद्दल आहे. पाण्याचा ७ हा आकडा १ मीटर खोलीत ३० मिनिटे तग धरण्याचा, तर ८ म्हणजे त्याहून कठीण, कंपनीने ठरवलेली चाचणी. ही चाचणी नव्या फोनवर, स्वच्छ गोड्या पाण्यात होते. दोन वर्षांत फोन चार वेळा पडलेला असतो, काच एकदा बदललेली असते, आतला गोंद आणि रबर थकलेले असतात. साबणाचे पाणी, पुराचा गाळ, खारे पाणी यांची हमी त्या आकड्यात नसते. बहुतेक कंपन्यांच्या वॉरंटीतही पाण्याने झालेले नुकसान धरलेले नसते. ते ओळखण्यासाठी सिमच्या खाचेत किंवा आत पांढरी छोटी चिकटपट्टी असते, पाणी लागले की ती लाल किंवा गुलाबी होते. टॉर्च लावून ती स्वतःलाही पाहता येते.

फोन वाचवताना तब्येत सांभाळा

भिजलेल्या फोनमधला सर्वांत धोकादायक भाग म्हणजे बॅटरी. ती फुगली, तापली, तिला गोडसर किंवा औषधी उग्र वास आला, तर फोन खोलीत, गादीवर, उशीशेजारी ठेवू नका. मोकळ्या जागी फरशीवर किंवा मातीवर ठेवा आणि लांब राहा. फुगलेली बॅटरी टोचू, दाबू नका. फुटलेल्या बॅटरीतला द्रव त्वचेला आणि डोळ्यांना इजा करतो, लागल्यास भरपूर पाण्याने धुवा आणि डॉक्टरांना दाखवा. अशी बॅटरी चुलीत, उकिरड्यावर किंवा कचऱ्याच्या ढिगात टाकू नये. ती ई-कचरा संकलनात किंवा सर्व्हिस सेंटरमध्ये द्यावी.

पुराच्या पाण्यात पडलेला फोन शोधताना हातापायावर जखम असेल तर ते पाणी लेप्टोस्पायरोसिससारखा आजार देऊ शकते. फोन हाताळल्यावर साबणाने हात धुवा. पुढच्या काही दिवसांत ताप, अंगदुखी, डोळे लाल होणे अशी लक्षणे दिसली तर अंगावर काढू नका, पुराच्या पाण्यात गेल्याचे डॉक्टरांना सांगा.

यवतमाळसाठी आणखी एक सावधगिरी. २०१७ मध्ये फवारणीतून झालेल्या विषबाधेने या जिल्ह्यात अनेक शेतकरी-शेतमजुरांचे जीव घेतले. कपाशीवर फवारणी करताना फोन पंपात किंवा औषध कालवलेल्या ड्रममध्ये पडला, तर उघड्या हाताने तो शोधू नका. हातमोजे घाला, फोन बंद करा, बाहेरून ओल्या कापडाने पुसा आणि ते कापड वेगळे टाका. अशा फोनला तोंडाने फुंकर मारणे किंवा तो तसाच कानाला लावणे म्हणजे विष तोंडाजवळ नेणे. दुकानदारालाही कल्पना द्या, तो उघड्या हातांनीच काम करतो.

पाऊस येण्याआधीचा अर्धा तास

भिजलेल्या फोनमधून डेटा काढणे अवघड, महाग आणि बेभरवशाचे आहे. तोच डेटा आधी दुसरीकडे ठेवणे जवळपास फुकट आहे. गूगल खात्यासोबत मिळणाऱ्या १५ जीबी जागेत नंबर आणि बरेच फोटो बसतात. फोनच्या सेटिंगमध्ये नंबर गूगल खात्यात साठतात की नुसते फोनमध्ये, हे एकदा पाहून घ्या. व्हॉट्सअ‍ॅप रोज पहाटे जो बॅकअप घेते तो फोनमध्येच राहतो. त्यामुळे फोन बुडाला की तोही बुडतो, म्हणून गूगल खात्यावरचा बॅकअप वेगळा सुरू करावा लागतो. सातबारा, आधार, मुलांच्या गुणपत्रिका डिजिलॉकरमध्ये किंवा निदान स्वतःच्या ईमेलवर ठेवता येतात. नेट पुरत नसेल तर शंभर-दोनशे फोटो ओटीजी पेनड्राइव्हवर उतरवून तो कपाटात ठेवावा. मात्र खात्याचा पासवर्ड फक्त त्या फोनलाच माहीत असेल, तर बॅकअपही उघडता येत नाही. पासवर्ड आणि पाच-दहा महत्त्वाचे नंबर वहीत लिहून ठेवण्याइतका जुना आणि खात्रीचा उपाय दुसरा नाही.

शेतावर किंवा पाळीवर जाताना जाड प्लास्टिकची झिप पिशवी खिशात असू द्या. फोन शर्टाच्या वरच्या खिशाऐवजी बंद होणाऱ्या खिशात ठेवा. मृगाच्या आधी जसे छपराचे पत्रे आणि कवेलू पाहिले जातात, तसा फोनचाही एक अर्धा तास काढावा.

आणि इतके करूनही फोन पाण्यात पडलाच, तर घरातल्या लहान-मोठ्या सर्वांना एवढेच पाठ असावे: बंद करा, सिम काढा, चार्जर लावू नका, त्याच दिवशी उघडून घ्या. लागेल तेवढा वेळ वाट पाहता येते. ‘चालतो का पाहू’ म्हणून दाबलेले एक बटण मात्र मागे घेता येत नाही.